तुरा येऊ द्यायचा की भट्टी लावायची? ओआहाकातल्या मेझकालचं प्रकरण

काजूची बोंडं पिळून फेणी गाळली तरी काजूचं झाड जागेवरच असतं. मोहाची फुलं वेचून नेली तरी मोह पुढच्या वर्षी पुन्हा फुलतो. ऊस तर तोडल्यावर खोडवा देतो. मेक्सिकोतल्या मेझकाल या दारूचं तसं नाही. तिच्यासाठी अगेव्ह नावाचं अख्खं झाड जातं, आणि तेही ऐन अशा वेळी जातं, जेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं फुलायला निघालेलं असतं. म्हणजे त्या झाडाचं एक तर बी होतं, नाही तर बाटली. दोन्ही होत नाही.

दक्षिण मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात गेल्या पंधरा वर्षांत जे घडलं त्याच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे. ‘शाश्वत मेझकाल’ हा शब्द आता लेबलांवर दिसतो. तो खरा की खोटा हे ठरवायचं असेल, तर बाटलीमागे किती झाडं फुलू दिली आणि त्यांचे पैसे कोणी सोसले, एवढंच विचारावं लागतं.

झाड

झाड आपल्याला परकं नाही. मराठवाड्यात, सोलापुराकडे ज्याला केकताड म्हणतात आणि इतरत्र घायपात, ज्याचा वाख काढून दोर वळले जात, ते याच अगेव्ह कुळातलं. मूळचं मेक्सिकोचं, आपल्याकडे बांधाला कुंपण म्हणून रुळलेलं. मेक्सिकोत मात्र हे कुंपणाचं नाही, घरातलं झाड. नाहुआत्ल भाषेत त्याला ‘मेत्ल’ म्हणतात. ‘मेत्ल’ आणि ‘भाजलेलं’ या अर्थाचा शब्द जोडून ‘मेझकाल’ हे नाव झालं.

अगेव्हचा जीवनक्रम समजला नाही तर पुढचं काहीच कळत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. हे झाड वर्षानुवर्षं पानांच्या बुडाशी, खोडात साखर साठवत राहतं. साखर म्हणजे खरं तर फ्रुक्टान, उष्णतेने मोडून गोड होणारं. जातीनुसार हा काळ बदलतो. एस्पादीन सहा ते आठ वर्षांत तयार होतो. तोबालाला दहा ते पंधरा वर्षं लागतात. तेपेस्ताते नावाची एक जात आहे, कड्याकपारीत वाढणारी, ती वीस-पंचवीस वर्षं घेते. मग एके वर्षी मधोमध एक दांडा सुटतो आणि बघता बघता माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच होतो. त्याला तिथे किओते म्हणतात. आयुष्यभर साठवलेली सगळी साखर त्या दांड्यात, फुलांत आणि मधात ओतली जाते. बी पडतं आणि झाड उभ्या उभ्या वाळून जातं.

ऊसवाल्यांना हे समजायला सोपं आहे. तुरा आला की उसातली साखर उतरते हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मेझकालवालाही तुऱ्याची वाट बघत असतो, पण तो दिसला की छाटून टाकण्यासाठी. दांडा कोवळा असतानाच मुळाशी कापतात आणि झाड काही महिने, कधी वर्षभर तसंच उभं ठेवतात. साखर वर जायला वाट राहत नाही, ती खोडाच्या गड्ड्यात मुरते. अशा झाडाला ‘कापोन’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ सरळ आहे: खच्ची केलेला. चांगल्या मेझकालसाठी कापोनच हवा, असं जुने जाणते सांगतात आणि चवीच्या बाबतीत त्यांचं खरं आहे. पण खच्ची केलेल्या झाडाला वंश नसतो.

मग पुढची लागवड कशाची? इथे जातीजातींत फरक पडतो. एस्पादीन आपल्या केळीसारखा बुडाशी मुनवे सोडतो. ते काढून लावले की झालं. फुलाची गरज नाही. तोबाला मात्र मुनवे सोडत नाही. तेपेस्तातेही बियावरच चालतो. या दोघांचा किओते कापला की वंश तिथेच थांबतो.

गाव

ओआहाका शहराच्या दक्षिणेला ओकोत्लानच्या खोऱ्यात सांता कातारीना मिनास नावाचं गाव आहे. नावातलं ‘मिनास’ म्हणजे खाणी; पूर्वी इथे खाणकाम चालायचं. आता गाव ओळखलं जातं ते मातीच्या भांड्यात मेझकाल गाळण्यासाठी. जमिनीत दगडी खड्डा, त्यात लाकडं पेटवून तापवलेले दगड, वर अगेव्हचे गड्डे, त्यावर चोथा, चटया आणि माती. तीन ते पाच दिवस झाकून भाजायचं. भाजलेला गड्डा लाकडी मोगऱ्यांनी कुटायचा, लाकडी पिंपात आपोआप आंबू द्यायचा आणि मग लहान मातीच्या भांड्यांत दोनदा गाळायचा. भांड्यावर गार पाण्याचं ताट. त्याच्या बुडाला वाफ थेंब होऊन साचते, खालचा लाकडी चमचा ते थेंब झेलतो आणि बोरूच्या नळीतून बाहेर सोडतो. गोव्यात जुन्या पद्धतीच्या काजूभट्टीवरचं मातीचं भाण ज्याने पाहिलं असेल, त्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. अशा प्रकारचं भांडं फिलिपिन्सच्या खलाशांबरोबर, माडाची दारू गाळण्याच्या विद्येसोबत मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आलं असं एक मत आहे. त्यावर अभ्यासकांत वाद आहे. तो मला इथे सोडवायचा नाही.

या गावात आंखेलेस कुटुंबाचा ‘रेआल मिनेरो’ हा पालेंके आहे. पालेंके म्हणजे भट्टीचा वाडा. डॉन लोरेन्झो आंखेलेस मेंदोसा यांनी तो चालवला. आता त्यांची मुलं चालवतात. त्यांची मुलगी ग्रासिएला आंखेलेस कारेन्यो समाजशास्त्र शिकलेली आहे आणि मेझकालच्या जगात स्पष्ट बोलण्याबद्दल तिचं नाव आहे. प्रकरण म्हणून मी हे घर निवडलं त्याचं कारण त्यांची दारू नाही. त्यांनी किओतेच्या प्रश्नाला हात घातला. पण त्यांनी काय केलं हे सांगण्याआधी बाहेर काय चाललं होतं ते बघायला हवं.

आकडे

मेझकालला १९९४ साली उगमनामाचं संरक्षण मिळालं. टकीलाला ते वीस वर्षं आधी, १९७४ मध्येच मिळालं होतं. म्हणजे आपल्या काजू फेणीला २००९ मध्ये जी भौगोलिक ओळख मिळाली त्याचंच हे मेक्सिकन रूप: ठरलेल्या राज्यांत, ठरलेल्या रीतीने केलं तरच ते नाव लावायचं. त्यानंतरही बरीच वर्षं मेझकाल ही गावठीच मानली जात होती. शहरातले लोक तिच्याकडे नाक मुरडून बघत.

मग अमेरिकेतल्या बारमध्ये ती पोचली. २०११ मध्ये प्रमाणित मेझकालचं उत्पादन साधारण ९ लाख ८० हजार लिटर होतं. २०२२ मध्ये ते १ कोटी ४१ लाख लिटरवर गेलं. अकरा वर्षांत चौदापट. यातलं सुमारे नव्वद टक्के एकट्या ओआहाकाचं आणि चार पंचमांशाच्या आसपास एकट्या एस्पादीनचं.

हे आकडे झाडांत मोजून बघू. हिशेब माझा आहे, ढोबळ आहे. एस्पादीनचे साधारण दहा किलो गड्डे म्हणजे एक लिटर मेझकाल. १ कोटी ४१ लाख लिटर म्हणजे १ लाख ४१ हजार टन. रोज पाच हजार टन ऊस गाळणारा आपला एखादा साखर कारखाना एवढा माल अठ्ठावीस दिवसांत संपवेल. म्हणजे वजनाने ही काही प्रचंड गोष्ट नाही. पण ऊस बारा ते अठरा महिन्यांत उभा राहतो. हा माल उभा राहायला सात वर्षं लागली. सरासरी गड्डा पन्नास किलोचा धरला तर ती अठ्ठावीस लाख झाडं होतात. हेक्टरी अडीच हजार झाडं धरली तर दरवर्षी अकराशे हेक्टर रिकामं होतं, आणि सात वर्षांची साखळी तुटू द्यायची नसेल तर पावणेआठ हजार हेक्टर कायम उभं लागतं.

आणि मागणी चौदापट होणार हे सात वर्षं आधी कोणालाही माहीत नसतं. २०२२ मध्ये जो गड्डा भट्टीत गेला तो २०१५ च्या आसपास लावलेला. २०१५ मध्ये लागवड करणारा शेतकरी त्या वेळचा दर बघून लावत होता.

त्यात टकीलाच्या हालिस्को राज्याची सावली. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या निळ्या अगेव्हवर रोग आला. त्याला तिथे ‘अगेव्हची खिन्नता आणि मरण’ असं नाव पडलं. त्यात मुख्य वाटा फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीचा होता. आपल्या हरभऱ्याचा मर रोग आणते ती याच जातीची. टकीलाचा निळा अगेव्ह पिढ्यान्‌पिढ्या फक्त मुनव्यांवर लावलेला, त्यामुळे शेतातलं प्रत्येक झाड दुसऱ्याची नक्कल. एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागला. टंचाई झाली, दर भडकले, आणि टकीलावाल्यांचे ट्रक ओआहाकात एस्पादीन उचलायला आले. ओआहाकाच्या शेतकऱ्याला तेव्हा दोन धडे मिळाले. एक, अगेव्हला भाव येऊ शकतो. दुसरा, एकाच नकलेचं शेत एका झटक्यात जाऊ शकतं. पहिला धडा सगळ्यांनी लक्षात ठेवला.

सांतियागो मातात्लान हे स्वतःला मेझकालची जागतिक राजधानी म्हणवणारं गाव. तिकडच्या तलाकोलुला खोऱ्यात डोंगरउतारापर्यंत एस्पादीनच्या सरळ रांगा दिसतात. पूर्वी ओळींमध्ये पहिली दोन-तीन वर्षं मका, घेवडा, भोपळा घेत असत. त्याला ते मिल्पा म्हणतात. आपल्याकडे तुरीत सोयाबीन घेतात तसंच म्हणा, फक्त तुरीच्या जागी सात वर्षांचं पीक. दर चढले तसा मका मागे पडला. उतारावर वरून खाली रांगा आणि तणनाशकाने उघडी पडलेली माती. पावसाळ्यात काय होतं हे डोंगरावर शेती केलेल्याला सांगायला नको.

बी

एस्पादीन निदान लावला तरी जातो. खरी अडचण उरलेल्या पंचमांशाची आहे. तोबाला, तेपेस्ताते, कुइशे आणि अशाच डझनभर जाती बहुतेक रानातून तोडून आणतात. तोबालाचा गड्डा लहान असतो, अनेकदा दहा किलोच्याही आत. लिटरमागे लागणारा माल मात्र एस्पादीनपेक्षा जास्त. म्हणजे एका बाटलीसाठी दहा-बारा वर्षांचं एकाहून अधिक झाड. अमेरिकेत या बाटल्यांना शंभर डॉलरच्या पुढे किंमत मिळते, आणि लेबलावर ‘रानातला’ हा शब्द गुण म्हणून छापलेला असतो. दुर्मीळ आहे म्हणून महाग, आणि महाग आहे म्हणून अजून तोडायचं. रानात किओते सुटलेलं झाड दिसलं की ते कोणाचं हा प्रश्न उरत नाही. आधी दिसेल त्याचं.

पुण्या-मुंबईच्या बारमध्ये ‘वाइल्ड अगेव्ह’ असं लिहिलेलं कार्ड आलं की माणूस कौतुकाने ऑर्डर देतो. मला त्या शब्दाची धास्ती वाटते.

मिनासमध्ये आंखेलेस कुटुंबाने किओते कापणं काही झाडांपुरतं थांबवलं. फुलू दिली, बी धरू दिलं, गोळा केलं आणि रोपवाटिका उभारली. वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या उपक्रमाला लाम म्हणतात. तिथे तोबाला, आरोकेन्यो आणि कुइशेच्या कुळातले लार्गो, बार्रील, त्रिपोन असे स्थानिक प्रकार बियावरून वाढवले जातात. लार्गो म्हणजे लांबडा, बार्रील म्हणजे पिंप, त्रिपोन म्हणजे ढेरपोट्या. शास्त्रज्ञांच्या लेखी ही सगळी एकच जात. गावाच्या लेखी तीन वेगळी माणसं आहेत आणि तिन्हींची दारू वेगळी लागते.

बियावरून अगेव्ह लावणं हे काम किती चिकाटीचं आहे ते एका बोंडावरून कळतं. वाळलेलं बोंड फोडलं की आत चपट्या बियांच्या चळती असतात, काही काळ्या, काही पांढऱ्या. काळं बी उगवतं. पांढरं पोचट. परागण नीट झालं नसेल तर बोंडभर पांढरंच निघतं. काळं वेचून वाफ्यात टाकायचं, रोप गवताच्या पात्याएवढं असताना सावलीत सांभाळायचं, मग पिशवीत, आणि वर्ष-दोन वर्षांनी शेतात. मुनवा लावला असता तर तो तेव्हा हातभर झालेला असता. शिवाय बियावरची रोपं एकसारखी येत नाहीत. एक सात वर्षांत तयार होतं, शेजारचं दहा. ठेकेदाराने ट्रक आणून शेत एका आठवड्यात साफ करावं, असं इथे जमत नाही. पिकेल तसं एकेक झाड काढावं लागतं. रोग आला तर मात्र याच उंचसखल शेतातली काही झाडं उभी राहण्याची शक्यता असते.

अर्थात ही रीत मोठ्या मागणीला पुरी पडत नाही. ती पुरी पडावी असं त्या घराचंही म्हणणं दिसत नाही. भट्टी किती लावायची हे तिथे पिकलेल्या झाडांवरून ठरतं.

वटवाघूळ

काळं बी यायला परागण हवं, आणि अगेव्हचं परागण मुख्यतः रात्री होतं. लांब नाकाची वटवाघळं, लेप्टोनिक्टेरिस वंशातली, किओतेवरच्या फुलांतला मध पितात, तोंडाला पराग माखून घेतात आणि रात्रीत कित्येक किलोमीटर उडत दुसऱ्या झाडावर नेऊन सोडतात. यातली एक जात, लेप्टोनिक्टेरिस येर्बाबुएने, १९८८ मध्ये अमेरिकेने धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकली तेव्हा हजाराहूनही कमी दिसत होती. गुहा सांभाळल्या, लोकांची भीती घालवली, मोजणी सुधारली, आणि २०१८ मध्ये ती यादीतून बाहेर आली. तोपर्यंत संख्या दोन लाखांच्या घरात गेली होती. या कामात मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातले रोद्रीगो मेदेयिन यांचा वाटा मोठा आहे.

मेदेयिन यांनी टकीला-मेझकालवाल्यांपुढे एक साधा सौदा ठेवला. शेतातली पाच टक्के झाडं फुलू द्या. बाटलीवर ‘वटवाघूळमित्र’ असं चिन्ह लावा. २०१६ मध्ये अशा पहिल्या बाटल्या बाजारात आल्या.

पाच टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. शेतकऱ्याच्या बाजूने बघू. हेक्टरी अडीच हजार झाडांतली सव्वाशे सोडायची. पन्नास किलोचा गड्डा आणि समजा किलोला दहा पेसो दर, तर हेक्टरी ६२,५०० पेसो हवेत सोडले. दर तीन पेसो असेल तर हाच त्याग १८,७५० चा होतो. म्हणजे दर चढलेला असतो तेव्हा, जेव्हा सगळे जण झपाट्याने तोडत असतात आणि बी सगळ्यात जास्त हवं असतं, तेव्हाच ते सोडणं सगळ्यात महाग पडतं. बाटलीवरच्या चिन्हामुळे मिळालेले जास्तीचे पैसे गड्डा विकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोचले तरच हा सौदा टिकतो. भट्टी आणि शेत एकाच घरचं असेल, जसं मिनासमध्ये आहे, तर पैसे खिशातून खिशात जातात आणि प्रश्न येत नाही. शेतकरी वेगळा, भट्टीवाला वेगळा, ब्रँडवाला तिसऱ्याच देशातला असेल, तर पाच टक्क्यांचा खर्च पहिल्याच्या डोक्यावर आणि चिन्ह तिसऱ्याच्या बाटलीवर, असं होऊ शकतं.

आणखी एक अडचण. शेतातली सगळी झाडं एकाच मुनव्याच्या नकला असतील तर त्यातली पाच टक्के फुलून वटवाघळाचं पोट भरतं, हे चांगलंच. पण वंशात नवं फारसं काही मिसळत नाही. त्याला जवळपास रान किंवा बियावरचं शेत लागतं. म्हणून मला हा कार्यक्रम पुरेसा वाटत नाही, पण त्याने एक गोष्ट नक्की केली: किओते उभा ठेवणं हा आळस किंवा नुकसान नसून एक काम आहे, हे त्याने बाजाराला पहिल्यांदा दाखवलं.

सरपण आणि मळी

बियाचा प्रश्न सुटला तरी भट्टीचा उरतोच, आणि इथे कायदाच पेचात टाकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीने मेझकालचे तीन वर्ग केले: नुसता मेझकाल, कारागिरी मेझकाल आणि पूर्वापार मेझकाल. पहिल्या वर्गात यंत्रं, दाबभट्ट्या, वाफ असं सगळं चालतं. शेवटच्या वर्गात जमिनीतल्या खड्ड्यातच भाजायचं आणि थेट आचेवर मातीच्या भांड्यातच गाळायचं. सगळ्यात मानाचं नाव सगळ्यात जास्त लाकूड खाणाऱ्या रीतीला आहे. ओकचं लाकूड खड्ड्यात, पुन्हा भांड्याखाली, आणि दोनदा गाळायचं म्हणजे दोनदा आच. खड्ड्याऐवजी दाबभट्टी लावली तर पूर्वापार हे नाव जातं. लाकूड जाळलं तर डोंगर जातो. काही पालेंके पडलेलं लाकूडच वापरतात, काहींनी ओकची लागवड सुरू केली. पण ओकही सहा-आठ वर्षांत सरपणाचं होत नाही.

मळीबद्दल आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. एक लिटर मेझकालमागे दहा-बारा लिटर आम्लारी, काळपट, गरम पाणी निघतं. त्याला तिथे विनासा म्हणतात. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून स्पेंट वॉश निघतो तेच प्रमाण, तोच वास, ओढ्यात सोडला की तेच मेलेले मासे. फरक इतकाच की आपल्याकडे डिस्टिलरी मोठी असते, तिच्यावर नोटीस काढता येते. ओआहाकात हे पाणी शेकडो लहान वाड्यांतून थोडं थोडं निघतं. १ कोटी ४१ लाख लिटर मेझकाल म्हणजे चौदा कोटी लिटरहून जास्त मळी, पण एका जागी ती कुठेच दिसत नाही. काही उत्पादकांनी चोथा आणि मळी मातीत मिसळून विटा पाडल्या. २०१७ च्या भूकंपानंतर त्यांचा घरबांधणीत उपयोगही झाला. चांगली कल्पना आहे. पण चौदा कोटी लिटरच्या विटा पाडल्या तर ओआहाकात राहायला माणसं कमी पडतील.

नाव आपलं, झाड कोणाचं

इथे थोडं घराकडे वळतो. दख्खनच्या माळांवर, बांधांवर आपोआप वाढलेल्या घायपातापासून दारू गाळणारे उद्योग भारतातही उभे राहिले आहेत; २०११ च्या सुमारास त्यातली पहिली बाटली गोव्याच्या बाजारात दिसू लागली. त्यांना टकीला किंवा मेझकाल म्हणता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण झाड त्याच कुळातलं. मुनवे सोडणारं असल्याने रान लगेच ओस पडणार नाही. तरी बांध कोणाचा, तोडणाऱ्याला किलोला काय मिळतं आणि उपटलेल्या जागी पुन्हा लावतं कोण, हे प्रश्न ओआहाकात उशिरा विचारले गेले. आपल्याकडे अजून मागणी लहान आहे.

दर पडल्यावर

२०२३ मध्ये प्रमाणित उत्पादन १ कोटी २२ लाख लिटरवर उतरलं. हालिस्कोतला निळा अगेव्ह २०२१-२२ मध्ये किलोला तीस पेसोच्या आसपास होता. २०२४ पर्यंत तो दहाच्या खाली आला. चढत्या भावात लावलेली शेतं आता पिकत होती आणि घेणारा हात आखडत होता. कांद्याचं हे चक्र आपण दरवर्षी बघतो. अगेव्हमध्ये ते सात-आठ वर्षांचं असतं, एवढाच फरक. कांदेवाल्याला पुढच्या हंगामात चूक सुधारता येते. अगेव्हवाल्याचा पुढचा हंगाम येईपर्यंत त्याचा मुलगा अमेरिकेला गेलेला असतो.

दर इतका उतरला की तोडणी आणि वाहतूकही सुटत नाही, तेव्हा शेत तसंच सोडलं जातं. किओते कापायला मजूर लावणंही परवडत नाही. मग दांडे सुटतात. ज्याने पाच टक्केही सोडायला नकार दिला असता, त्याच्या शेतात सगळंच्या सगळं फुलतं आणि त्या रात्री वटवाघळांची चंगळ होते. एस्पादीनच्या अशा शेतातलं बी गोळा करायला सहसा कोणी जात नाही; मुनवे फुकट मिळत असताना कोण जाईल?

मिनासच्या रोपवाटिकेतलं काम दर बघून थांबत नाही. तिथे तेपेस्तातेची काही रोपं आत्ता बोटभर उंचीची असतील. त्यांचा तुरा बघायला २०५० च्या आसपास कोणी तरी त्या उतारावर उभं असलं पाहिजे. हातात कोयता घेऊन की बिया भरायची पिशवी घेऊन, हे तेव्हाचा दर ठरवेल.